उसन्या बळाची विद्या : प्रस्तावना

ऑनलाइन अद्भुत खेळांत बळ मिळवायचे दोनच रस्ते आहेत, असे नव्या खेळाडूला वाटते. एक, आपले पात्र वाढवायचे. दोन, चांगली हत्यारे गोळा करायची. तिसरा रस्ता फार थोड्यांना ठाऊक असतो आणि त्यावर टिकणारे त्याहून थोडे. समोर उभ्या शत्रूलाच मंत्राने आपलासा करायचा, त्याच्याच हातांनी त्याचे भाईबंद पाडायचे आणि मंत्र सुटला की तो आपल्यावरच धावून येणार, हे धरून चालायचे. खेळाडू याला 'चार्म' म्हणतात आणि अशा वश केलेल्या जीवाला 'पेट'. पेट कसा निवडावा, त्याला ताब्यात कसे ठेवावे आणि तो उलटला तर काय करावे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तकाचे सूत्र आधीच सांगून टाकतो. पेट किती जोरात मारतो हे नंतर पाहावे. तो उलटला तर आपण जगू का, हे आधी. हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला तो मध्यम बळाचा पेट घेऊन रात्रभर सुखाने खेळतो. ज्याने तो उलटा लावला तो सगळ्यांत दांडगा राक्षस हाताशी धरतो आणि पहिल्याच फटक्याला आडवा होतो. चार्मची सारी विद्या या एका गोष्टीभोवती फिरते.

आपल्याकडच्या पोरांना पेट माहीत झाला तो 'फ्री फायर' या मोबाइल खेळामुळे. त्यातला फाल्को सोबत असला की विमानातून उडी मारल्यावर झपाट्याने उतरता येते. मिस्टर वॅगर ग्लू वॉल, म्हणजे आडोशाची भिंत, पुरवतो. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने फ्री फायरवर बंदी घातली, तरी 'फ्री फायर मॅक्स' चालू राहिला आणि हे पेटही घरोघरच्या मोबाइलमध्ये राहिले. ते गुणी आहेत, पण त्यांना स्वतःची मर्जी नाही. ते रुसत नाहीत, भुकेजत नाहीत, उलटत तर नाहीतच. म्हणून तिथली निवड सोपी असते : दिसायला कोण छान, गुण कोणाचा कामाचा, किती डायमंड लागतात. चार्मच्या पेटची मर्जी मात्र फक्त दबलेली असते, मेलेली नसते. ती केव्हाही डोके वर काढते. या विद्येतली गोडी आणि धास्ती दोन्ही तिथून येतात.

या कल्पनेचा उगम संगणकाच्याही आधीचा आहे. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, फासे आणि कल्पनाशक्तीवर चालणारा खेळ आला. 'चार्म पर्सन' हा मंत्र त्यात पहिल्यापासून होता. 1978 च्या नियमपुस्तकात त्याला एक विलक्षण अट जोडलेली दिसते. मंत्राखाली सापडलेल्याला सुटकेची संधी त्याच्या बुद्धीप्रमाणे मिळे. बुद्धी 3 किंवा त्याहून कमी असेल तर 3 महिन्यांतून एकदा. 19 किंवा जास्त असेल तर दररोज. म्हणजे हुशार जीव वश केला तर तो उपयोगी जास्त, पण निसटणारही लवकर. आजच्या खेळांतली सगळी गणिते या अटीतून निघाली असे म्हणणार नाही. पण बळ आणि भरवसा एकाच जीवात सहसा एकत्र नांदत नाहीत, हा विचार तिथे स्पष्ट लिहिलेला आहे.

संगणकावर ही कल्पना आली ती अक्षरांच्या खेळांतून. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 मध्ये पहिला 'मड' उभा केला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर वाक्ये उमटायची आणि खेळाडू वाक्यांनीच उत्तर द्यायचे. पुढे कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' लिहिला. त्यात मंत्राने वश केलेला जीव मागे मागे चालायचा आणि खेळाडू 'ऑर्डर' शब्द टाइप करून त्याला हुकूम द्यायचा. मालक, अनुयायी आणि हुकूम ही तीन पायांची रचना तिथे पक्की झाली. नंतरच्या चित्रमय खेळांनी तिच्यावर रंग चढवला, पाया तोच ठेवला.

1997 मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आला आणि त्याने वेगळी वाट धरली. तिथे जनावर मंत्राने वश करायचे नव्हते, माणसाळवायचे होते. तासन्‌तास सराव करून कौशल्य वाढवावे लागे. मग डेस्टर्डच्या गुहेतला ड्रॅगनसुद्धा मागे येई. 'ऑल किल', 'ऑल फॉलो मी' अशी वाक्ये टाइप केली की जनावरे ऐकत. मात्र खाऊ घालणे चुकले की त्यांची निष्ठा ओसरे आणि ती पुन्हा रानटी होत. इथे जनावर फिरण्याचे कारण नशीब नसून मालकाची हयगय असे. हा फरक मोठा आहे आणि पुढच्या सगळ्या परंपरांची फाटाफूट त्यावरूनच झाली.

16 मार्च 1999 रोजी 'एव्हरक्वेस्ट' सुरू झाला आणि चार्मला त्याचे खरे घर मिळाले. या पुस्तकाचा मोठा भाग याच खेळाभोवती आहे, कारण इतर कोणीही ही विद्या इतकी धारदार ठेवलेली नाही. यात चार वर्गांच्या पात्रांना चार्म येतो. एन्चान्टर जवळजवळ कोणालाही वश करू शकतो. ड्रुइडची सत्ता फक्त जनावरांवर. नेक्रोमॅन्सरची सत्ता मेलेल्यांवर, म्हणजे सांगाडे आणि पिशाच्चांवर. बार्ड गाण्याने मोहिनी घालतो आणि त्याची मोहिनी थोडाच वेळ टिकत असल्याने गाणे पुन्हा पुन्हा म्हणत राहावे लागते. चौघांची हत्यारे वेगळी, म्हणून चौघांची सुटकेची वाटही वेगळी. ड्रुइड उलटलेल्या जनावराचे पाय मुळांनी जखडतो किंवा त्याची चाल मंद करून पळ काढतो. नेक्रोमॅन्सर मेल्याचे सोंग घेऊन जमिनीवर पडून राहतो. एन्चान्टरकडे यातले सोंग नाही, अंगात चिलखत नाही, रक्तही कमी. तो वाचतो तो केवळ हातचलाखीवर. सगळ्यांत नाजूक वर्गाच्या हाती सगळ्यांत दांडगा पेट द्यायचा, ही रचनाकारांची कल्पना मला या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

एव्हरक्वेस्टनंतर या विद्येच्या तीन परंपरा स्पष्ट दिसू लागल्या. पहिली वश करणाऱ्यांची. 2001 च्या 'डार्क एज ऑफ कॅमेलॉट'मधले सॉर्सरर आणि मिन्स्ट्रेल, तसेच मे 2002 मध्ये जपानात आलेल्या 'फायनल फँटसी 11'मधला बीस्टमास्टर हे या घराण्यातले. बीस्टमास्टर आधी 'गेज' करून हे जनावर आपल्याला वश होईल का हे जोखतो, वश झालेल्याला बिस्किटे चारून बरे करतो आणि फारच घायाळ झाले तर सोडून देऊन दुसरे धरतो. दुसरी परंपरा माणसाळवणाऱ्यांची. नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा हंटर सुरुवातीच्या काळात दहाव्या लेव्हलला जनावर पाळू लागे आणि ते पुढे त्याच्यासोबत राही. बॅडलँड्स भागातल्या 'ब्रोकन टूथ' नावाच्या मार्जारकुळातल्या जनावरासाठी हंटर दिवसरात्र दबा धरून बसत, कारण त्याचा वार दर सेकंदाला एक असा विलक्षण जलद होता. तिसरी परंपरा मंत्राने शून्यातून पेट घडवणाऱ्यांची : एव्हरक्वेस्टमधल्याच मॅजिशियनचे चार महाभूतांचे पुतळे, नेक्रोमॅन्सरचे सांगाडे. हे पेट मालकाचेच असतात, म्हणून विश्वासू. पण वश केलेल्या शत्रूइतके बळ त्यांच्यात क्वचितच येते.

या परंपरा एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत. माणसाळवण्याचा पुरस्कार करणाऱ्या वॉरक्राफ्टलाही चार्मची गरज पडलीच. त्यातल्या नक्सरामस या किल्ल्यातला इन्स्ट्रक्टर रझुव्हियस नावाचा शत्रू इतका जबर मारायचा की खेळाडूंपैकी कोणी त्याच्यापुढे टिकेना. तेव्हा प्रीस्ट वर्गाच्या खेळाडूंनी त्याच्याच शिष्यांना वश करून गुरूपुढे उभे करायचे, हाच डाव ठरला. चाळीस जणांचे पथक दोन-तीन प्रीस्टांच्या एकाग्रतेवर तगून असे.

आता निवडीकडे वळू. एव्हरक्वेस्टमध्ये कोणत्याही जीवाला 'कन्सिडर' केले की रंगातून अंदाज मिळतो : हिरवा म्हणजे किरकोळ, निळा आपल्याहून कमी, पांढरा बरोबरीचा, पिवळा वरचढ, लाल म्हणजे काळ. प्रत्येक चार्म मंत्राला लेव्हलची एक मर्यादा असते. तिच्यावरचा जीव वश होतच नाही. मर्यादेच्या आतही आपल्यात आणि पेटमध्ये जितके अंतर जास्त, तितकी पकड घट्ट. म्हणून जाणते खेळाडू निळ्यावर थांबतात. रंगानंतर जात पाहायची. योद्ध्याच्या जातीचा पेट जोरात मारतो, पण उलटला तरी फक्त हातांनीच मारतो. मंत्र जाणणारा उलटला तर लांबून जाळतो किंवा जागच्या जागी जखडून ठेवतो. 'रोग', म्हणजे चोरट्या लढवय्याच्या जातीचा, पाठीत वार करतो. तो शत्रूच्या मागे उभा असताना हवासा वाटतो आणि आपल्या मागे आला की नकोसा. बैलबाजारात जाणता शेतकरी दात आणि वशिंड पाहतोच, पण मारका आहे का हे आधी विचारतो. पेट निवडतानाही हाच प्रश्न पहिला. शेवटी जागा पाहायची. पेट जिथून उचलला तिथे त्याचे भाईबंद किती, पळायला वाट कोणती, आणि हा मेला तर तसाच दुसरा जवळ आहे का.

ताब्यात ठेवण्याचे काम प्रत्यक्ष कसे चालते हे जवळून पाहू. एन्चान्टर आधी 'तशान' टाकतो. त्याने समोरच्याची मंत्र झेलण्याची ताकद घटते. मग चार्म. लागला की लगेच 'पेट गार्ड हिअर', म्हणजे तो भलतीकडे धावत नाही. मग प्रश्न येतो हत्यारे आणि चपळाईचा. पेटच्या हातात तलवारी दिल्या आणि त्याच्यावर 'हेस्ट'चा मंत्र टाकला तर तो दुप्पट कामाचा होतो. पण चार्म तुटला तरी तलवारी त्याच्याच हातात राहतात आणि हेस्टही त्याच्या अंगात राहतो. आपणच धार लावलेले पाते आपल्याकडे वळते. खेळातले घड्याळ 6 सेकंदांच्या 'टिक'वर चालते आणि प्रत्येक टिकला पकड टिकते की सुटते याचा फासा पडतो. पडद्यावर चार्म संपल्याची ओळ उमटली की विचार करायला वेळ नसतो. 'कलर फ्लक्स'सारख्या मंत्राने भोवतालच्या सगळ्यांना क्षणभर सुन्न करायचे, तेवढ्यात पुन्हा चार्म टाकायचा. तो लागला नाही तर 'मेझ' करून त्याला झोपवायचे आणि मग शांतपणे पुन्हा प्रयत्न करायचा. अंगावर 'रून'चे कवच आधीच चढवलेले असावे. सुरुवातीचे दोन-तीन वार ते झेलते आणि तेवढ्यात जीव वाचतो.

कधी कधी चार्म मुद्दाम तोडायचा असतो. पेट लढून घायाळ झाला, आता त्याचाच एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, घ्यायचा, असे ठरले की स्वतःवर अदृश्य होण्याचा मंत्र टाकायचा; त्या क्षणी चार्म सुटतो आणि अर्धमेला पेट शेवटच्या वारासाठी समोर उभा असतो. सुटण्याची वेळ आपण ठरवली की धोका निम्म्यावर येतो. म्हणून तोडणे ही पकडण्याइतकीच महत्त्वाची कला मानून या पुस्तकात तिला वेगळी जागा दिली आहे.

जाणत्यांत काही वाद वर्षानुवर्षे चालू आहेत. 'करिष्मा' हा गुण वाढवल्याने पकड खरोखर किती लांबते? काही जण त्यासाठी अंगठ्या आणि कर्णभूषणे गोळा करतात. काही म्हणतात, तशान आणि लेव्हलचे अंतर यांपुढे करिष्म्याचा हात तोकडा. पेटला हेस्ट द्यावा की नाही, यावरही दोन तट आहेत. ग्रुपमध्ये मार झेलणारा टँक आणि जखमा भरणारा हीलर भक्कम असतील तर द्यावा, एकट्याने खेळताना हात आखडावा, असे माझे मत आहे आणि ते पुस्तकात कारणांसह मांडले आहे.

एक गोष्ट मात्र वादाची नाही. तुमचा पेट ही तुमची जबाबदारी. हत्यारे दिलेला, चपळ केलेला पेट उलटला आणि तुम्ही क्षेत्राच्या दारातून निसटलात, तर तो दाराशी बसलेल्या नवख्यांवर तुटून पडतो. मागे लागलेल्या अशा झुंडीला खेळाडू 'ट्रेन' म्हणतात आणि ती दुसऱ्यांच्या अंगावर सोडणारा माणूस लोकांच्या कायम लक्षात राहतो. आपला पेट आपणच निपटावा; ते जमणार नसेल तर निदान ओरडून सगळ्यांना सावध करावे.

हे सारे दुसरबीडमध्ये बसून लिहिताना त्यात एक स्थानिक धडा आपोआप आला. सिंदखेड राजा तालुक्यातले हे गाव, सर्व्हर अमेरिकेत. हुकूम तिथवर पोचून परत यायला जो वेळ लागतो, तो अमेरिकेतल्या खेळाडूला जाणवतही नाही. आपल्याला मात्र पेट उलटल्याची ओळही उशिरा दिसते आणि आपला मंत्रही उशिरा पोचतो. त्यात सोंगणीच्या दिवसांत संध्याकाळी लाइट जाते, मोबाइलची रेंज पडते. आपले पात्र खेळात तसेच उभे राहते आणि पेटची पकड केव्हा सुटेल याचा नेम नसतो. म्हणून परदेशी मार्गदर्शकांतला सल्ला जसाच्या तसा इथे चालत नाही. आपल्याकडच्या खेळाडूने पेट एक पायरी खालचा घ्यावा, रूनचे कवच कधी उतरू देऊ नये आणि इन्व्हर्टर नसेल तर चार्म घेऊन गुहेच्या पोटात शिरू नये. पूर्ण पुस्तकात अशा ठिकाणी सल्ला इथल्या परिस्थितीला जुळवून दिला आहे.

वश करण्याची कल्पना मराठी मनाला परकी नाही. धुंडीसुत मालूंच्या 'नवनाथ भक्तिसार'मध्ये शाबरी मंत्रांनी भुताखेतांना आणि देवतांना बांधून घेण्याच्या कथा आहेत, आणि त्या आजही घरोघर पारायणात वाचल्या जातात. घाटाखालून वाहणारी पूर्णा जिथे तापीला मिळते, तिथल्या चांगदेवांची कथा तर लहान मुलांनाही पाठ असते. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ते ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले आणि समोरून भावंडे भिंतीवर बसून आली. चांगदेवांचा वाघ शेवटपर्यंत आज्ञेत होता. उणे काही पडले असेल तर ते वाघात नव्हे, वाघाच्या बळाला आपले बळ समजण्यात होते. पेट बाळगणाऱ्याने ही कथा ध्यानात ठेवावी. मैदान पेट मारतो. आपले काम त्याला सांभाळण्याचे.

हे पुस्तक आत्ताच का, याला तीन कारणे आहेत. पहिले, जुन्या पद्धतीचा चार्म आजही जिवंत आहे. एव्हरक्वेस्टला 2024 मध्ये पंचवीस वर्षे झाली आणि तो अजून चालू आहे. 2009 मध्ये चाहत्यांनी उभा केलेला 'प्रोजेक्ट 1999' हा सर्व्हर खेळाचा पहिल्या काही वर्षांतला अवतार जपतो. 2015 मध्ये मालक कंपनी डेब्रेकने त्याला संमतीही दिली. खेळ जुना असल्याने साध्या संगणकावर चालतो. महागड्या मशिनची गरज नाही. दुसरे, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. खेळ म्हणजे जुगार, हा गावातला सरसकट समज दूर करायची ही वेळ आहे. चार्मच्या खेळात पैज नाही. आहे ती पारख, तयारी आणि संयम. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आजच्या मोबाइल खेळांत कधीच न उलटणारे पेट विकत मिळतात. त्यांनी करमणूक होते, पण धोका तोलायची सवय लागत नाही. आपल्या हातातले बळ उसने आहे आणि ते केव्हाही परत मागितले जाईल, हे ध्यानात ठेवून वागायला चार्म शिकवतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने हे खेळातच शिकलेले बरे.

पुस्तकाची आखणीही सुरुवातीला सांगितलेल्या सूत्राप्रमाणे आहे. आधी जीव वाचवणे, मग पकडणे, मग निवडणे, आणि सगळ्यांत शेवटी बळ वाढवणे. बहुतेक मार्गदर्शक नेमके उलटे चालतात. सर्वांत दांडगा पेट कुठे मिळतो इथून सुरुवात करतात. कोणत्या क्षेत्रात कोणता जीव उत्तम याच्या लांबलचक याद्या मी टाळल्या आहेत, कारण खेळ बदलतो तशा त्या शिळ्या होतात. पारख शिळी होत नाही. खेळाडूंच्या तोंडी असलेले पेट, चार्म, मेझ, टिक, ट्रेन हे शब्द तसेच ठेवले आहेत. ग्रुपमध्ये क्षणाचा वेळ असताना बोलायचे ते शब्द सगळ्यांना कळणारे हवेत.

वाचकांना एवढीच विनंती. पुस्तक वाचून थेट बलाढ्य पेटच्या मागे लागू नका. एखादा साधा निळा जीव धरा, त्याला मुद्दाम मोकळा सोडा आणि त्याच्यापासून स्वतःला वाचवून पाहा. ते हाताला बसेपर्यंत पुढच्या प्रकरणाकडे वळू नका. आणि तुम्हाला जे उमगेल ते आपल्या गावातल्या नवख्या खेळाडूला मराठीत सांगा.

दुसरबीड, ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा